आधीचे, पण मागाहून सांगितलेले

अद्भुतरम्य कादंबऱ्यांची एखादी मालिका गाजते. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात, चित्रपट होतात, त्यातली नावे घराघरांत बोलली जातात. मग लेखक, किंवा त्याच्या पश्चात त्याचे वारस आणि प्रकाशक, मागे वळतात आणि मूळ कथेच्या आधी काय घडले होते ते सांगणारे नवे पुस्तक काढतात. जग तेच, राजघराणी तीच, जादू तीच, लिहिणारा हातही पुष्कळदा तोच. वाचक आयता तयार आहे, जाहिरातही आपोआप होते. तरीही या नव्या पुस्तकाचा खप बहुधा मूळ मालिकेच्या खालीच राहतो. काही पुस्तके सुरुवातीला धडाक्याने विकली जातात आणि मग कपाटात स्थिरावतात. मूळ मालिका मात्र पुढच्या पिढीतली मुले पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागतात.

असे का होते? हा प्रश्न वरवर पाहता पुस्तकविक्रीचा आहे, म्हणजे प्रकाशकांनी आपसात बोलायचा. मला तो इतिहासाचा वाटतो, कारण मागची गोष्ट पुढच्या गोष्टीनंतर सांगण्याचा उद्योग आपल्या देशात फार जुना आहे आणि त्याचे यशापयश शतकांच्या अंतराने तपासता येते. त्यातला एक धागा आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत येऊन पोचतो.

आधी शब्दाचे पाहू. चित्रपटांमुळे 'प्रीक्वेल' हा शब्द मराठीत रुळला आहे. या लेखापुरता मी त्याला 'पूर्वकथा' म्हणतो आणि दोन अटी घालतो. कथेतला काळ मूळ कथेच्या आधीचा हवा, आणि लेखन मूळ कथेच्या नंतरचे हवे. केवळ पहिली अट पुरी करणारा तो नुसता पहिला भाग. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की अडचण सुरू होते, कारण शेवट ठाऊक असलेल्या माणसाला आपण सुरुवात सांगायला बसतो.

पायऱ्यांचे गणित

पहिले कारण साधे व्यवहाराचे आहे. मालिका ही पायऱ्यांसारखी असते. समजा, शंभर जणांनी पहिला भाग वाचला, तर दुसरा भाग शंभर जण वाचत नाहीत. कोणाला तो आवडलेला नसतो, कोणाला वेळ नसतो, कोणाला पुढचा भाग मिळत नाही. तिसऱ्या भागाला आणखी गळती. जुन्या वाचनालयात बहुखंडी कादंबरीच्या प्रती ओळीने काढून पाहाव्यात. पहिल्या भागाची बांधणी सैल झालेली, पाने कोपऱ्यात दुमडलेली, आणि शेवटचा भाग बऱ्यापैकी नीटनेटका. पूर्वकथा ही या सगळ्या पायऱ्या चढून गेलेल्या वाचकालाच हवी असते. म्हणजे तिचा ग्राहकवर्ग मूळ मालिकेच्या पहिल्या भागाच्या नव्हे, तर शेवटच्या भागाच्या वाचकांतून यायचा, आणि त्यातल्याही ज्यांची भूक शिल्लक आहे अशांतून.

नवा वाचक इथून सुरुवात करील, अशी प्रकाशकाची आशा असते. ती क्वचितच पुरी होते. दुकानात आलेला माणूस विचारतो, "पहिला भाग कोणता?" याचे सरळ उत्तर विक्रेत्याकडे नसते. कालक्रमाने पहिले हे पुस्तक, लेखनक्रमाने पहिले ते. सी. एस. लुईस यांच्या 'नार्निया' मालिकेत हा घोळ उघड दिसतो. मालिकेतले पहिले पुस्तक १९५० साली आले. नार्नियाची उत्पत्ती सांगणारे 'द मॅजिशियन्स नेफ्यू' १९५५ साली, सात पुस्तकांत सहाव्या क्रमाने आले. पुढे १९९४ पासून प्रकाशकांनी क्रमांक बदलले आणि सहाव्या पुस्तकाला पहिला क्रमांक दिला. लुईस यांनी एका मुलाला लिहिलेल्या पत्रात कालक्रमाने वाचण्याला अनुकूलता दाखवली होती, हे त्या बदलाचे समर्थन. पण कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी याबद्दल नार्नियाप्रेमींत अजून एकमत नाही.

चित्रपटांच्या तिकीटविक्रीत हीच गळती आकड्यांत दिसते. हॅरी पॉटरच्या चित्रपटमालिकेतल्या शेवटच्या, २०११ सालच्या चित्रपटाने जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. त्यानंतर त्याच जगातली, पण काही दशके आधीची कथा सांगणारी 'फँटास्टिक बीस्ट्स' ही मालिका निघाली. तिच्या २०१६ च्या पहिल्या चित्रपटाने सुमारे ८१ कोटी, २०१८ च्या दुसऱ्याने सुमारे ६५ कोटी आणि २०२२ च्या तिसऱ्याने सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले. ठरलेले पुढचे चित्रपट मग झालेच नाहीत. ही रक्कम लहान आहे असे नव्हे. पण आलेख कोणत्या दिशेला जातो ते कळायला हे तीन आकडे पुरेत.

मात्र हे गणित सगळे सांगत नाही. पायऱ्यांमुळे गळती होत असेल, तर ती पुढच्या भागांनाही व्हायला हवी. हॅरी पॉटरचा शेवटचा भाग मात्र सर्वांत जास्त चालला. वाचक पुढे जायला तयार असतो, आणि तोच मागे यायला कुरकुरतो. म्हणून दुसरे कारण कथेच्या आत शोधावे लागते.

जंगलातला दिवा

नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात एक लहान मुलगी कपड्यांच्या कपाटातून चालत जाते आणि बर्फाच्छादित जंगलात निघते. तिथे झाडांच्या मध्ये रस्त्यावरचा एक दिवा जळत उभा आहे. आसपास रस्ता नाही, गाव नाही, दिवा लावणारा माणूस नाही. वाचणाऱ्याच्या मनात ते चित्र कायमचे राहते. पाच वर्षांनी आलेल्या पूर्वकथेत या दिव्याचा उगम सांगितला आहे. लंडनच्या दिव्याच्या खांबाचा तुटलेला दांडा नव्या सुपीक भूमीत पडला आणि तिथे दिव्याचे झाड उगवावे तसा खांब उगवला. स्पष्टीकरण गमतीदार आहे, लेखकाच्या कल्पकतेला साजेसे आहे. पण आता त्या दिव्याकडे पाहताना आपण "हा इथे कसा?" असे विचारत नाही.

आपल्या रसशास्त्रात अद्भुताचा स्थायीभाव विस्मय सांगितला आहे. विस्मयाला कारण कळलेले चालत नाही. शृंगार, करुण, वीर हे रस कारण कळल्यावर उलट गडद होतात. रामाला वनवास का घडला ते ठाऊक असल्यामुळेच करुणाला धार येते. अद्भुताचे तसे नाही. त्यामुळे इतर प्रकारच्या कादंबरीला पूर्वकथा जितकी मानवेल तितकी अद्भुत कादंबरीला मानवत नाही. ऐतिहासिक किंवा कौटुंबिक कादंबरीत मागे जाणे म्हणजे खोली वाढवणे. अद्भुतात ते पुष्कळदा जादूगाराच्या पिशवीत डोकावणे ठरते.

ही गोष्ट जे. आर. आर. टॉल्किन यांनी स्वतः ओळखली होती. 'द हॉबिट' १९३७ साली आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ साली प्रसिद्ध झाले. त्या जगाचा प्राचीन इतिहास ते आयुष्यभर लिहीत होते आणि वाचक त्याची मागणी करत होते. १९६३ च्या एका पत्रात त्यांनी शंका व्यक्त केली की, आपल्या कादंबरीचे आकर्षण काही अंशी पार्श्वभूमीला दुरून दिसणाऱ्या मोठ्या इतिहासात आहे. न पाहिलेले बेट लांबून दिसावे तसा तो इतिहास. तिथे प्रत्यक्ष गेले की जादू संपते, जर तिथून आणखी लांबचे नवे काही दिसू लागले नाही तर. टॉल्किन १९७३ साली वारले. तो इतिहास 'द सिल्मरिलियन' या नावाने १९७७ साली त्यांच्या मुलाने संपादित करून काढला. आल्या आल्या तो खपाच्या यादीत वर गेला. पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पंक्तीला तो कधी बसला नाही, आणि अर्ध्यावर सोडून दिल्याची कबुली देणारे वाचक त्याला भरपूर मिळाले.

टॉल्किन यांच्या त्या वाक्यातला 'जर' महत्त्वाचा आहे. मागे जाऊन नवे क्षितिज दिसले तर जादू टिकते. हा 'जर' खरा की नुसती लेखकाची आशा, हे पाहायला आपल्याकडे अधिक जुनी सामग्री आहे.

पीठिका कोणी जोडली?

मराठीत आपण 'पूर्वपीठिका' हा शब्द सर्रास वापरतो. दंडीच्या 'दशकुमारचरिता'च्या पहिल्या विभागाचे नावच ते आहे. दहा तरुणांच्या साहसांची, वेषांतरांची, चमत्कारांची ही कथा. तिचा दंडीचा म्हणून मानला जाणारा भाग आठ उच्छ्वासांचा आहे, आणि तो मध्येच सुरू होतो, मध्येच संपतो. सुरुवातीची पाच उच्छ्वासांची पूर्वपीठिका मागाहून कोणीतरी जोडली, असे अभ्यासकांचे मत आहे. शैली वेगळी, काही तपशील मूळ भागाशी जुळत नाहीत. इतकेच नव्हे, तर ही उणीव भरून काढणाऱ्या एकाहून अधिक पूर्वपीठिका वेगवेगळ्या हातांनी रचल्या गेल्या. म्हणजे मागणी नक्की होती. वाचकांना आरंभ हवा होता, लेखक तो पुरवत होते. पण दंडीचे नाव ज्या गद्यासाठी घेतले जाते ते मूळ भागातले. पूर्वपीठिका राहिली ती पायरीसारखी, देवळात शिरण्यापुरती.

बाणभट्टाने याच्या उलट केले. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने आपल्या या वाङ्मयप्रकाराला 'कादंबरी' म्हटले, त्यात मागची गोष्ट शेवटी उलगडते. बाणाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने ग्रंथ पुरा केला, पण मांडणी बापाचीच. दरबारात आलेला पोपट कथा सांगू लागतो. कथेच्या पोटात कथा उघडत जातात, आणि अखेरीस कळते की ऐकणारा राजाच पूर्वजन्मी त्या कथेचा नायक होता. पूर्वजन्म ही आपल्या अद्भुत वाङ्मयातली खास सोय. पूर्ववृत्त वेगळ्या ग्रंथात सांगायची गरजच पडत नाही, ते मूळ कथेचे बक्षीस म्हणून शेवटी दिले जाते. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी अद्भुत कादंबऱ्यांनीही हाच मार्ग धरला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या काळात पूर्वकथा म्हणून निराळे पुस्तक काढण्याची चाल नव्हती. हरवलेली माणसे आणि लपलेली नाती यांचा उलगडा त्याच पुस्तकाच्या अखेरीस व्हायचा. ते बक्षीस आधीच वाटून टाकले असते, तर शेवटच्या प्रकरणात द्यायला काय उरले असते?

एकच कथा, दोन नशिबे

आता मुख्य उदाहरणाकडे येतो. पुढचे विवेचन ग्रंथ म्हणून, श्रोते आणि वाचक यांच्या अंगाने आहे. श्रद्धेचा प्रांत मी त्यात आणत नाही.

महाभारतात श्रीकृष्ण प्रथम समोर येतो तो द्रौपदीच्या स्वयंवरात. तेव्हा तो कर्ता पुरुष आहे. गोकुळ, यमुना, कंस हे सारे मागे पडले आहे आणि महाभारत त्याबद्दल फारसे बोलत नाही. मग ऐकणाऱ्याला साहजिकच वाटते, हा आला कुठून? ही मागणी खुद्द ग्रंथातच नोंदलेली आहे. 'हरिवंशा'च्या आरंभी शौनक सौतीला म्हणतो की, भरतांची मोठी कथा तू सांगितलीस, पण वृष्णी आणि अंधक यांची सांगितली नाहीस, ती सांग. पूर्वकथेची इतकी स्पष्ट मागणी इतर वाङ्मयात क्वचित सापडेल. हरिवंशाला महाभारताचे 'खिल' म्हणतात, म्हणजे परिशिष्ट, मागाहून जोडलेली पुरवणी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली, आणि त्यानंतर प. ल. वैद्यांनी संपादित केलेल्या हरिवंशाचे दोन खंड १९६९ आणि १९७१ साली आले. म्हणजे विसाव्या शतकातसुद्धा हरिवंश आला तो महाभारताच्या मागूनच.

शौनकाने मागितले कुळाचे वृत्त, आणि हरिवंशाने ते इमानाने दिले. सृष्टीची उत्पत्ती, पृथू राजा, मन्वंतरे, पितरांची माहिती, सूर्यवंश, चंद्रवंश. प्रचलित पाठात ३१८ अध्याय आहेत. त्यांतले पहिल्या पर्वाचे ५५ अध्याय संपतात तेव्हा कुठे कृष्णचरित्राचे विष्णुपर्व सुरू होते. चिकित्सक आवृत्तीने अध्यायांची संख्या ११८ वर आणली, तरी रचना तीच राहिली. ग्रंथ मोलाचा आहे, इतिहासाच्या अभ्यासकाला तर खजिनाच आहे. पण महाराष्ट्रातल्या घरांत हरिवंश वाचला गेला तो मुख्यतः संतानप्राप्तीसाठी करायच्या श्रवणाच्या रूपाने. म्हणजे कथेच्या ओढीने नव्हे, तर एका वेगळ्या कामासाठी. महाभारताला 'आधी काय झाले' ते पुरवणारा ग्रंथ म्हणून त्याची मागणी ओसरली. त्याला स्वतःचे काम मिळाले, त्या कामापुरता तो टिकला.

त्यानंतर कितीतरी शतकांनी भागवत आले. अभ्यासक ते साधारण नवव्या-दहाव्या शतकाच्या आसपासचे मानतात. कृष्णाच्या बालपणाची कथा पुष्कळशी तीच. हीदेखील पूर्वकथाच, आणि तसे ते ग्रंथ लपवतही नाही. पहिल्या स्कंधात व्यास भारत रचून बसले आहेत, तरी त्यांच्या मनाला समाधान नाही. नारद येऊन त्यांना उणीव दाखवतात आणि भागवताची प्रेरणा देतात. गाजलेला ग्रंथ लिहून झाल्यावर लेखक त्याच जगाकडे पुन्हा वळतो, अशी ही मांडणी आहे.

पण भागवताने प्रश्न बदलला. इथे ऐकणारा परीक्षित राजा. त्याला शाप झाला आहे, सात दिवसांनी तक्षकाच्या दंशाने मरण ठरले आहे. तो गंगेच्या काठी बसतो आणि शुकाला विचारतो, ज्याचे मरण जवळ आले आहे त्याने काय करावे, काय ऐकावे? कृष्णाचे कूळ कोणते, ही जिज्ञासा इथे दुय्यम झाली. भागवतातही कृष्णजन्मासाठी दहाव्या स्कंधापर्यंत थांबावे लागते, आधी नऊ स्कंध वंशावळी आणि आख्याने आहेतच. तरी कंटाळा येत नाही, कारण ऐकणारा माणूस मरणाच्या दारात बसला आहे आणि दिवस मोजलेले आहेत, हे आपण विसरत नाही. शेवट ठाऊक आहे, कृष्ण पुढे काय करणार तेही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढेच की या कथेने या माणसाचे भय जाईल का.

याचा परिणाम आपल्यासमोर आहे. गावोगाव भागवताचे सप्ताह होतात. ते सात दिवस परीक्षिताचे आहेत. कृष्णजन्माच्या दिवशी मंडपात पाळणा हलतो. वारकरी संप्रदायाने ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा यांच्या बरोबरीने जो तिसरा ग्रंथ मानला, तो भागवताच्या अकराव्या स्कंधावरचा एकनाथांचा. भागवताच्या मागे भक्तिसंप्रदायांचे बळ होते हे खरे, आणि केवळ रचनेच्या गुणावर तो इतका पसरला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण संप्रदायांनी हरिवंशाऐवजी भागवत का उचलले, याचे उत्तर शोधताना परीक्षिताच्या प्रश्नापाशी यावेच लागते.

नाझऱ्याचा श्रीधर

या कथेचा मराठीतला पुढचा टप्पा सोलापूर जिल्ह्यात आहे. सांगोला तालुक्यातले नाझरे हे श्रीधर कवीचे गाव. पुढे त्याचे वास्तव्य पंढरपुरात झाले आणि १७२९ साली तो तिथेच वारला. 'हरिविजय' १७०२ साली, 'रामविजय' १७०३ साली, 'पांडवप्रताप' १७१२ साली आणि 'शिवलीलामृत' १७१८ साली त्याने रचले. छापखाना आल्यावर या पोथ्यांच्या किती आवृत्त्या निघाल्या याची गणती नाही. मराठी घरांतल्या बायकांनी आणि मुलांनी ऐकलेले रामायण आणि महाभारत पुष्कळसे श्रीधराचे आहे.

श्रीधराचा क्रम बघावा. हरिविजय आधी, पांडवप्रताप दहा वर्षांनी. महाभारत अर्थातच श्रोत्यांना ऐकून माहीत होते, पण श्रीधराने कृष्णकथा त्याची पुरवणी म्हणून सांगितली नाही. ३६ अध्यायांचा तो स्वतंत्र ग्रंथ आहे. त्याला मंगलाचरण आहे, फलश्रुती आहे, स्वतःचा आरंभ आणि स्वतःचा शेवट आहे. पांडवप्रताप न वाचता हरिविजय वाचता येतो, आणि हरिविजय न वाचता ६४ अध्यायांचा पांडवप्रतापही वाचता येतो. वंशावळींचा पसारा तो मांडत बसत नाही. आधीच्या आणि नंतरच्या ग्रंथांचा हिशेब जुळवण्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाला या अध्यायात काय मिळणार, याकडे त्याचे लक्ष आहे. त्यामुळे खप कमी पडण्याची जी तीन कारणे आपण वर पाहिली, ती तिन्ही इथे लागू होत नाहीत. आधीच्या पायऱ्या चढून येण्याची सक्ती नाही. 'पहिला भाग कोणता' हा गोंधळ नाही. आणि ग्रंथाचा प्रश्न दुसऱ्या ग्रंथातून उसना घेतलेला नाही.

आता विधान नीट मांडता येते. पूर्वकथा कमी खपते ती मागे जाते म्हणून नव्हे. मूळ कथेने शिल्लक ठेवलेल्या शंकांची उत्तरे देणे एवढेच काम तिने घेतले, तर ती मूळ कथेची नोकर होते. नोकराला मालकाहून जास्त मान मिळत नाही. तिने स्वतःचा प्रश्न आणला, तर तिला वेगळे घर मिळते, आणि मग ती पूर्वकथा आहे हे लोक विसरूनही जातात. हरिविजय वाचणाऱ्या आजीला आपण महाभारताची पूर्वकथा वाचतो आहोत, असे कधी वाटले नाही.

आपल्या काळातली दोन उदाहरणे

बनारसच्या देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याचे इतिहासकार सांगतात. पुढे 'चंद्रकांता संतती'चे २४ भाग निघाले. त्यातल्या भूतनाथ या संशयास्पद ऐयाराची मागची कहाणी त्यांनी 'भूतनाथ' नावाने लिहायला घेतली. सहा भाग झाले आणि १९१३ साली ते वारले. उरलेले भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी लिहिले. तिलिस्म या जगाचे आकर्षण असे असते की ते एकदाच फुटते. फुटलेल्या तिलिस्माच्या बांधकामाची हकिकत कितीही रंजक असली, तरी पहिल्यांदा दार उघडतानाची ओढ तिला येत नाही. भूतनाथ वाचला गेला, टिकला, कारण हा माणूस दोषी की निर्दोष असा त्याचा स्वतःचा प्रश्न होता. पण आजही लोकांच्या तोंडी नाव येते ते चंद्रकांतेचे.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे, आणि ते मराठी आहे. झी मराठीवर २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही भुताटकीची मालिका आली. कोकणातल्या वाड्यात अण्णा नाईकांचा मृत्यू होतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. २०१९ साली दुसरा भाग आला तो चक्क पूर्वकथा होता. अण्णा जिवंत असतानाची हकिकत, अण्णा आणि शेवंता यांची. या भागाची चर्चा पहिल्यापेक्षा अधिक झाली आणि ही दोन नावे घरोघरी पोचली. शेवट तर सर्वांना ठाऊक होता. मग काय पाहायला लोक बसले? पहिल्या भागात अण्णा नाईक ही भिंतीवरची तसबीर होती, सगळ्यांच्या बोलण्यातली दहशत होती. तो माणूस कोणी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या भागाने भुतांचा खुलासा करण्याऐवजी एका सत्तांध माणसाचे घर समोर ठेवले. त्याच्या बायकोने काय सोसले, आसपासच्या लोकांनी का सोसले, हा प्रश्न भुतांच्या पलीकडचा होता. विस्मय कमी झाला, पण त्याची जागा भयाने आणि करुणेने घेतली. टॉल्किन यांच्या 'जर'चा अर्थ मला इथे लागतो. मागे जाऊन दिसलेले नवे क्षितिज पहिल्यापेक्षा वेगळ्या रसाचे असावे लागते.

आम्ही लिहितो तीही पूर्वकथाच

या सगळ्याचा एका सोलापूरकर अभ्यासकाला काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग आहे, कारण स्थानिक इतिहास लिहिणारे आम्ही सारे पूर्वकथाच लिहीत असतो. गाजलेला भाग लोकांना आधीच ठाऊक असतो. १९३० चा मे महिना, गांधीजींच्या अटकेनंतर पेटलेले शहर, १२ मे ते ३० जून हा मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. चार पुतळ्यांच्या चौकातून रोज हजारो माणसे जातात. त्या चौघांवरची पुस्तिका विकली जाते. त्याआधीच्या सत्तर वर्षांवर लिहिलेले पुस्तक विकले जात नाही, अशी आमच्यातल्या प्रत्येकाची तक्रार असते.

वाचक उथळ झाला, असे म्हणून मोकळे होता येते. मला ते पटत नाही. आम्ही बहुधा हरिवंश लिहितो. १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, मग दुसरी, मग तिसरी. मालकांची नावे, चात्यांची संख्या, नगरपालिकेचे अध्यक्ष, अशी वंशावळ चालू राहते आणि कृष्णजन्म पंचावन्न अध्यायांनंतर येतो. ती माहिती जमवायला आयुष्य जाते, म्हणून ती सगळी द्यावीशी वाटते. पण शौनकाच्या प्रश्नावर ग्रंथ उभा करता येतो, वाचक उभा करता येत नाही.

परीक्षिताचा प्रश्न इथेही सापडू शकतो. मे १९३० मध्ये काही दिवस सरकारचा अंमल उठावा असे याच शहरात का घडले? तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी माणसे, ज्यांची देवळे-मशिदी वेगळ्या आणि जेवणेही वेगळी, ती एका रस्त्यावर कशी आली? गिरणीच्या भोंग्याने त्यांना एकत्र आणले की आणखी कशाने? आमच्या शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. तिथून जाणाऱ्या मुलाला विचारावे, हे नाव कशावरून? १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी ही वसाहत होती. तिथली माणसे गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीसाठी परत कुंपणात येत. तो कायदा उठला १९५२ साली. शहर पेटले तेव्हा कुंपणातल्या माणसाला स्वातंत्र्य या शब्दाचा कोणता अर्थ लागत असेल? हा प्रश्न घेऊन कोणी १९३० च्या मागे गेला, तर रेल्वेचे साल आणि गिरणीचे साल आपोआप वाचले जाईल, कारण आता त्या सालांवर काहीतरी अवलंबून आहे.

अद्भुत कादंबरीच्या प्रकाशकाला आणि आमच्यासारख्या कागद चाळणाऱ्याला सांगण्याजोगे एकच उरते. वाचकाला शेवट ठाऊक असणे ही अडचण नाही. परीक्षितालाही शेवट ठाऊक होता, दिवसासकट. तरी तो सात दिवस जागचा हलला नाही.